तोडणीचा दर

हनी प्रोसेस्ड कॉफीत मध नसतो. कॉफीचं फळ सोलल्यावर बीभोवती जो चिकट, गोड गर उरतो, त्याला कोस्टा रिकात ‘मिएल’, म्हणजे मध, म्हणतात. एरवी तो पाण्याने धुऊन टाकतात. या पद्धतीत तो ठेवूनच बिया वाळवतात. गर किती ठेवला आणि किती सावकाश वाळवला, यावरून पांढरा, पिवळा, लाल, काळा असे प्रकार पडतात. बिया वरखाली करण्यात हयगय झाली की बुरशी धरते.

तारासूसारख्या डोंगराळ भागात आता अनेक कुटुंबं हे काम स्वतःच्या छोट्या गिरणीत करतात. फळं मोठ्या गिरणीला विकली की मालावरचं शेताचं नाव पुसलं जातं. स्वतःची गिरणी असली की पाकिटावर कुटुंबाचं नाव येतं आणि चवीचा मोबदलाही हाती राहतो. हे चांगलंच आहे. पण ते नाव वाचून आपण जरा लवकरच निश्चिंत होतो, असं मला वाटतं.

गर गोड हवा तर पूर्ण पिकलेलं फळच तोडायला हवं. एका फांदीवरची फळंही एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. हे काम मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेली माणसं करतात: निकाराग्वाचे मजूर, पनामातून येणारी न्गाबे आदिवासी कुटुंबं. त्यांची मजुरी ‘काहुएला’वर, म्हणजे साधारण २० लिटरच्या मापावर ठरते, आपल्याकडे ऊसतोडीत टनावर ठरते तशी. निवडून तोडायचं तर माप उशिरा भरतं. दर तोच राहिला, तर वाढीव चवीची किंमत तोडणाऱ्याने आपल्या दिवसातून चुकती केलेली असते.

शेतकरी तरी कुठे श्रीमंत आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे, कॉफीचा भाव बहुतेकदा न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे बघून ठरतो. पण स्वतःच्या अडचणीमुळे दुसऱ्याचं देणं थकू शकतं, ते माफ होत नाही.

‘छोटं’ हा आकार आहे आणि ‘कौटुंबिक’ हे नातं. न्याय त्यात आपोआप येत नाही. सॉफ्टवेअरच्या कामात रोज दिसतं, की ज्या माहितीला रकाना नाही ती हळूहळू कुणालाच आठवेनाशी होते. पाकिटावर शेताची उंची, वाण, प्रक्रिया हे सगळं असतं. तोडणीचा दर सहसा नसतो. एवढी महाग कॉफी घेणाऱ्याने निदान तो विचारावा. विचारल्याने तो वाढेलच असं नाही. पण उत्तर द्यायला कुणाला तरी तो आकडा शोधावा लागेल.