नवस आणि टाका
तुळजाभवानीला नवस बोलून किडनी प्रत्यारोपणाला जाणाऱ्याने सर्जनची सावधगिरी अश्रद्धा मानावी का? मला तसं वाटत नाही. नवी किडनी ओटीपोटात बसवताना रक्तवाहिन्यांभोवतीच्या बारीक लसिकावाहिन्या तुटतात. त्या नीट बांधल्या नाहीत तर द्रव साचून मूत्रनलिका दाबली जाऊ शकते. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणावं, तर मग शस्त्रक्रिया तरी कशाला? दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: द्रव शोषला जावा म्हणून पोटाच्या आतल्या पडद्याला सरसकट खिडकी का पाडायची? बहुतेकांना त्रास होतच नाही, आणि त्या खिडकीत क्वचित आतडंही अडकतं. तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांनी, आख्यायिकेप्रमाणे, मडकी जोखावीत तशी संतांची डोकी थापटून एकेकाचं कच्चं-पक्कं जोखलं. इथेही माणूस पाहूनच ठरवावं लागतं. स्थूल रुग्णाला किंवा सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्याला द्रव साचण्याचा धोका जास्त.