पूर्वजांची जमीन आणि वंशजांचे उत्तरदायित्व

पूर्वजांच्या अन्यायाचे उत्तरदायित्व वंशजांवर येते काय, या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे एकाच धर्मपरंपरेत आढळतात. बायबलच्या निर्गम या पुस्तकात पित्याच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, तर यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात पित्याच्या पापाचा भार पुत्रावर टाकण्यास स्पष्ट नकार आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही अधर्माचे फळ कर्त्याला नाही तर पुत्राला वा नातवाला मिळतेच असे म्हटले आहे आणि जीव आपल्या कर्माचे फळ एकटाच भोगतो असेही म्हटले आहे. ऋणाबाबत मात्र धर्मशास्त्र अधिक नेमके आहे. पित्याचे कर्ज फेडणे पुत्राचे कर्तव्य मानूनही, मद्य आणि द्यूत यांसाठी काढलेले कर्ज याज्ञवल्क्यस्मृतीने त्यातून वगळले आहे.

पाप आणि ऋण यांतील हा भेद ब्रिटिश सैन्याधिकारी जॉन वेडरबर्न डनबार मूडी यांच्या कुटुंबेतिहासाला लावून पाहता येतो. ऑर्कनी बेटांवरील त्यांच्या घराण्याची मेल्सेटर येथील जहागीर कर्जापायी विकली गेली. 1814 मध्ये बर्गेन-ओप-झूमच्या लढाईत जखमी झालेले आणि पुढे अर्ध्या वेतनावर, म्हणजे प्रत्यक्ष सेवेतून मुक्त परंतु राखीव यादीत, ठेवले गेलेले हे अधिकारी प्रथम दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत भावांकडे गेले आणि 1832 मध्ये लेखिका पत्नी सुझॅना यांच्यासह अप्पर कॅनडात (आजच्या दक्षिण ऑन्टारियोत) स्थायिक झाले. 1834 मध्ये त्यांनी ज्या डूरो परिसरातील जंगलात वस्ती केली, तो प्रदेश 1818 च्या करारान्वये मिसिसॉगा लोकांकडून ब्रिटिश राजसत्तेकडे आला होता. सुमारे 19 लाख 51 हजार एकरांच्या मोबदल्यात वर्षाला 740 पौंडांचा माल देण्याचे ठरले होते.

सुझॅना यांनी विवाहापूर्वी मेरी प्रिन्स या बर्म्यूडात जन्मलेल्या गुलाम स्त्रीची जीवनकथा तिच्या तोंडून लिहून घेतली होती, आणि ती 1831 मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनडातील आदिवासी शेजाऱ्यांच्या स्नेहाची नोंदही त्यांनी आपल्या पुस्तकात केली. म्हणजे येथे सहृदयतेचा अभाव नव्हता. परंतु माणसामाणसांतील सौजन्याने जमिनीच्या हक्काचा प्रश्न सुटत नाही, कारण तो व्यवहार शेजाऱ्यांनी नव्हे, तर राजसत्तेने केलेला असतो.

म्हणून दोष आणि देणे वेगळे करणे आवश्यक ठरते. दोष संकल्पावर अवलंबून असल्यामुळे कर्त्याबरोबर संपतो. देणे लाभावर अवलंबून असल्यामुळे लाभ ज्याच्याकडे राहतो त्याच्याकडे जाते. मूडी दांपत्याला जंगलातील शेतीने संपन्न केले नाही. 1840 मध्ये ते बेलव्हिल या गावी गेले आणि शेरीफच्या नोकरीवर जगले. राजसत्तेकडे मात्र संपूर्ण प्रदेशाचे स्वामित्व राहिले. 2018 मध्ये कॅनडा आणि ऑन्टारियो सरकारांनी याच प्रदेशाशी निगडित अशा नंतरच्या विल्यम्स करारांशी संबंधित, मिसिसॉगांसह सात आदिवासी समूहांना 1.11 अब्ज डॉलरांची भरपाई देऊन शिकार-मासेमारीचे करारसिद्ध हक्क मान्य केले आणि क्षमा मागितली, ती याच तत्त्वाला धरून होती. क्षमा मागणाऱ्यांपैकी कोणीही मूळ व्यवहारात नव्हते, परंतु ज्या संस्थेच्या वतीने ते बोलत होते ती अखंड होती. यहेज्केलचा न्याय व्यक्तीला मुक्त करतो, संस्थेला नाही. आणि वंशजही त्या संस्थेचा नागरिक असल्यामुळे, पापाचा वारस नसतानाही, तिच्या देण्यात भागीदार ठरतो.