ठेवावें कीं पुसावें?

संग्रह करावा किंवा न करावा, आणि केल्यास किती करावा, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे फार प्राचीन काळापासून चालत आलेला आहे. योगशास्त्रानें यमांमध्यें अपरिग्रहाची गणना केली, जैन धर्मानें त्यास महाव्रतांत स्थान दिलें, आणि गांधीजींनीं आश्रमाच्या व्रतांत त्याचा समावेश केला. लोकव्यवहारांत या विचारामागें एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही कीं, एकाच्या कोठारांत जें अधिक पडतें तें दुसऱ्याच्या ताटांतून कमी झालेलें असतें. धान्य, वस्त्र, जमीन, द्रव्य यांविषयीं हें खरें आहे. परंतु ज्यानें कोणाचाहि घास हिरावला जात नाहीं, ज्याला वजन नाहीं, ज्याला वाळवी लागत नाहीं, असा संग्रह मनुष्याच्या खिशांत येऊन पडला, तर नीतिशास्त्रानें त्याविषयीं काय म्हणावें? अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या बहुतेक कुटुंबांपुढें हा प्रश्न केव्हांना केव्हां उभा राहतो. पडद्यावर सूचना येते कीं, जागा संपत आली आहे. कांहीं वस्तु काढून टाका. कोणत्या काढाव्या हें ठरवितांना आपण कोणत्या तत्त्वानें वागतों, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, हा प्रश्न नीतीचा नसून केवळ जागेचा आहे. मोठा फोन घेतला म्हणजे तो मिटला. अनुभव असा नाहीं. २००८ सालीं बाजारांत आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनांत अंतर्गत सांठ्याची जागा अवघी २५६ एमबी होती. आज १२८ जीबीचा फोन मध्यम स्थितींतील घरीं सहज आढळतो. म्हणजे जागा पांचशें पट झाली, आणि सूचना मात्र होती तेथेंच आहे. माळा मोठा केला म्हणून अडगळ कमी झाली, असें घर आमच्या पाहण्यांत नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत गूगलनें फोन मोकळा करण्यासाठीं 'फाइल्स गो' नांवाचें एक अ‍ॅप काढलें. पुढच्याच महिन्यांत वॉल स्ट्रीट जर्नलनें वृत्त दिलें कीं, भारतांतील फोन भरून कां जातात याचा शोध घेतां त्याचें एक मोठें कारण सुप्रभाताच्या चित्रांत सांपडलें. उगवता सूर्य, दंवानें भिजलेला गुलाब, वाफाळणारा चहा, आणि खालीं एक सुविचार! या चित्रांची थट्टा करण्याची आतां रीतच पडली आहे. आम्हांस ती फारशी रुचत नाहीं. पाठविणारा बहुधा सेवानिवृत्त गृहस्थ असतो, आणि 'मी आहें, आजहि उठलों आहें' एवढेंच त्याला कळवावयाचें असतें. पाहणाऱ्यानें तें पाहिलें कीं चित्राचें काम झालें. तें ठेवल्यानें त्या गृहस्थाचा मान वाढत नाहीं व पुसल्यानें कमी होत नाहीं. येथें कर्तव्याचा काय पेंच आहे? कांहींच नाहीं. पेंच पुढें आहे.

फोनच्या सेटिंग्जमध्यें कोणत्याहि अ‍ॅपच्या सांठ्याचें पान उघडलें तर दोन कळा शेजारीं शेजारीं दिसतात: 'स्टोरेज साफ करा' आणि 'कॅशे साफ करा'. दिसण्यांत त्या जुळ्या बहिणी. परिणामांत जमीनअस्मानाचें अंतर. कॅशे हा शब्द मूळचा फ्रेंच, लपविणें या अर्थाच्या धातूपासून झालेला. उत्तर अमेरिकेच्या रानांत फिरणारे शिकारी अन्नसामग्री जमिनींत पुरून ठेवीत, तिला हें नांव होतें. सांगलीजवळच्या हरिपूरचीं हळदीचीं पेवें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस ही कल्पना चटकन् समजेल. संगणकशास्त्रांत मात्र शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटला. १९६५ सालीं केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनीं मोठ्या परंतु मंद स्मृतीच्या जोडीला लहान व शीघ्र स्मृति ठेवण्याची योजना मांडली, आणि १९६८ मध्यें आय. बी. एम. कंपनीच्या एका यंत्राबरोबर अशा स्मृतीला कॅशे हें नांव रूढ झालें. शिकाऱ्याच्या पेवांत असे तें त्याचें एकुलतें एक अन्न. यंत्राच्या कॅशेमध्यें असते ती अन्यत्र सुखरूप असलेल्या वस्तूची जवळ आणून ठेवलेली नक्कल. ती पुसली तर अ‍ॅप ती पुन्हां आणतें. थोडा वेळ व थोडा डेटा खर्च होतो, इतकेंच. जागा फारच कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःच अशा नकला काढून टाकूं शकतें. त्यामुळें रोज सकाळीं कॅशे पुसून 'इतके एमबी मोकळे केले' म्हणून समाधान मानणारांचा उद्योग पिंपळाखालचें अंगण झाडण्यासारखा आहे. त्यासाठीं म्हणून जीं निराळीं अ‍ॅप्स घेतलीं जातात, त्यांतील कित्येकांच्या जाहिरातींचाच उकिरडा घरांत वाढतो, तो भाग वेगळाच.

दुसऱ्या कळेचें तसें नाहीं. तिनें अ‍ॅप राहतें, परंतु आपण त्यांत जें भरलें तें जातें: खातें, आवडीनिवडी, जुळवून ठेवलेली रचना, आणि ज्या रोजनिशीच्या अ‍ॅपनें आपल्या नोंदी अन्यत्र पाठविलेल्या नसतील, तिच्या सर्व नोंदी. तेव्हां पुसण्याचा पहिला विवेक हा कीं, जगापाशीं जें आहे आणि मागितल्यास पुन्हां मिळेल तें कोणतें, व केवळ आपल्यापाशींच आहे तें कोणतें, हें ओळखावें. हा विवेक करावयास संगणकशास्त्र शिकावें लागत नाहीं. रद्दी विकतांना घरची बाई वर्तमानपत्रें देते आणि त्यांत अडकलेली जन्मपत्रिका काढून घेते, तोच हा.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकास फोनची ही व्यवस्था मोठी मौजेची वाटेल. जॉन लॉक यानें मानवी बुद्धीवरील आपल्या निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तींत व्यक्तीच्या अभेदाचें प्रकरण नव्यानें घातलें, आणि राजपुत्राचा आत्मा आपल्या स्मृतींसह एका मोच्याच्या देहांत शिरला तर तो कोण मानावा, असा प्रश्न केला. पूर्वकर्मांची जाणीव ज्यापाशीं, तोच राजपुत्र, असा त्याचा निर्णय. आतां २०२३ सालीं प्ले स्टोअरनें फारशीं न वापरलेलीं अ‍ॅप्स आपोआप 'अर्काइव्ह' करण्याची सोय केली व २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्यें ती फोनच्या सेटिंग्जमध्येंच आली, ती पाहा. तिच्यांत अ‍ॅपचा बहुतेक देह काढून टाकला जातो. चिन्ह आणि वापरणाराचा मजकूर तेवढा मागें राहतो. चिन्हावर बोट ठेवतांच अ‍ॅप पुन्हां उतरून येतें व सोडलें होतें तेथून चालूं लागतें. देह गेला, संस्कार राहिले, हांक मारतांच नवा जन्म! 'स्टोरेज साफ करा' म्हटलें कीं याच्या उलट, देह जागेवर आणि संस्कार गेलेले. लॉकच्या मतानें पहिलें जिवंत व दुसरें मेलेलें. सामान्य मनुष्य मात्र चिन्हावर ढग आला कीं घाबरतो, आणि चिन्ह जसेंच्या तसें दिसलें कीं निश्चिंत राहतो. आपण मनुष्यांनाहि बहुधा चेहऱ्यावरूनच ओळखतों, तेव्हां यांत त्याला हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

परंतु यंत्राचा विवेक येथवरच चालतो. यापुढें त्याला एकच माप ठाऊक आहे, तें आकाराचें. जागा मोकळी करावयास सांगितली कीं तें मोठ्या फाइलींची यादी पुढें करतें. या मापाला वाईट म्हणण्याचें कारण नाहीं. उलट तें मोठें उपकारक आहे, कारण मोल आणि आकार यांचा कांहीं संबंध नाहीं हें तें आपल्या लक्षांत आणून देतें. लग्नांतील नाचाचें एक मिनिटाचें चलच्चित्र सुमारें शंभर एमबी जागा घेतें; एक मिनिटाचा आवाजी निरोप कांहीं शें केबींत मावतो. म्हणजे एक नाच पुसला कीं शेंकडों निरोपांची जागा होते. तरीहि घरोघर नाच राहतो आणि आवाज जातो, कारण निवडण्याचे श्रम नकोत म्हणून आपण सगळेंच एका फटक्यानें पुसतों. त्यांतहि सर्व ठेवी सारख्या नव्हेत. टेलिग्राममधील साधीं संभाषणें त्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, म्हणून फोनांतील नक्कल पुसली तरी तीं पुन्हां येतात. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप एकदां पोहोंचला कीं सर्व्हरवरून जातो. मग बॅकअप घेतलेला नसेल तर मूळ प्रत आपल्या फोनांतलीच.

यावर पुष्कळांचा उपाय असा कीं, कांहींच पुसूं नये. कांहीं वर्षें तो चाललाहि. परंतु गूगल फोटोजमध्यें अमर्याद चित्रें विनामूल्य ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून संपली. १५ जीबीच्या पुढें भाडें आलें. आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपहि २०२४ पासून त्याच १५ जीबींत धरला जाऊं लागला. भाडें देण्याची ऐपत असणारांस आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यामुळें निर्णय टळतो, होत नाहीं. बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाच्या १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कथेंतील तरुणाला कांहींच विसरतां येत नाहीं, आणि म्हणूनच त्याला धड विचारहि करतां येत नाहीं. पन्नास हजार चित्रांच्या ढिगांत आईचें एक चित्र शोधणाऱ्या मुलाची अवस्था याहून फार निराळी नसते.

शिवाय कांहीं वस्तु ठेवणें हाच दोष होतो. आपल्या फोनांतील सर्व कांहीं आपलें नसतें. शेजाऱ्यानें तिकिट काढण्यासाठीं पाठविलेलें आधार कार्डाचें चित्र, मैत्रिणीनें सल्ला विचारतांना धाडलेला रक्ततपासणीचा कागद, विद्यार्थ्यानें अर्जासोबत दिलेला जातीचा दाखला, या ठेवी आहेत. ठेव परत करण्याचा आपल्याकडील धर्म प्रसिद्ध आहे. परंतु येथें मूळ मालकापाशीं आहेच, म्हणून परत करणें याचा अर्थ आपली प्रत पुसणें हाच होतो. २०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा खासगी व घरगुती कामासाठीं माहिती बाळगणाऱ्या व्यक्तीस लागू नाहीं. म्हणजे या बाबतींत आपल्यावर दुसऱ्या कोणाचा पहारा नाहीं. घरांत नवा फोन आला कीं जुना भाच्याला किंवा कामवाल्या बाईंच्या मुलाला देण्याची आपली चाल आहे. त्या वेळीं अशा किती परक्यांच्या ठेवी हातोहात जातात, याचा हिशेब कोण ठेवतो?

आतां ज्या प्रकरणामुळें हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तें सांगतों. आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्रींचा फोन भरला. व्हॉट्सअ‍ॅपनेंच ११ जीबी व्यापलेले. नातू म्हणाला, "आजी, सगळे चॅट माध्यमांसकट पुसून टाकतों, एका मिनिटाचें काम." त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, त्यांत ह्यांचा आवाज आहे." यजमान २०२१ सालीं निवर्तले होते. नातवाचा हात थांबला, पण आमचे स्नेही थांबले नाहींत. ते गीतेचे नित्यपाठक आहेत. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, चार वर्षें आई रात्रीं तेच निरोप ऐकत बसते, ही आसक्ति आहे; फोन भरला हें एक निमित्तच झालें, मोहाचें साधनच गेलें तर तिचें दुःख सुटेल. त्यांनीं हा वाद आमच्यापाशीं आणला आणि तो पुष्कळ रंगला. स्नेह्यांच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. गेलेल्या माणसाचा आवाज हवा तेव्हां ऐकतां येणें ही आपल्या आज्यापणज्यांस कधीं न लाभलेली गोष्ट आहे, आणि शोकानें तिच्याशीं कसें वागावें याचा कोणताहि परिपाठ आपल्यापाशीं नाहीं. जुन्या काळीं विस्मृति हीच काळाच्या हातची मलमपट्टी असे. ती या यंत्रानें अडवून धरली आहे, हें मान्य. तथापि वैराग्य हें ज्याचें त्यानें मिळवावयाचें असतें. संन्यास दुसऱ्याच्या वतीनें घेतां येत नाहीं, आणि मुलानें आईच्या वतीनें तर नाहींच नाहीं. बाहेरून लादलेल्या त्यागास अपहार म्हणतात. त्यांतून हे निरोप सारे मिळून एका नाचाच्या चित्राइतकीहि जागा घेत नव्हते. म्हणजे जागेचें कारण येथें नुसतें पुढें केलेलें होतें. आम्हीं तसें स्पष्ट सांगितलें. स्नेह्यांना तें आवडलें नाहीं.

अखेर नातवानेंच मार्ग काढला. त्यानें आवाजी निरोपांच्या सर्व फाइली निराळ्या काढल्या, तों असें दिसलें कीं, त्यांच्या नांवांत केवळ तारीख आणि क्रमांक. कोणाचा आवाज, कशाविषयीं, कांहीं पत्ता नाहीं. तेव्हां आजी आणि नातू रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर बसूं लागलीं. ती ऐकून सांगे, तो नांव लिही. सहा संध्याकाळ गेल्या. दिवाळीच्या व वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बरेचसे निरोप तिनें आपण होऊन पुसावयास सांगितले. 'हें सगळ्यांना एकच पाठवीत' असें म्हणाली. एक मात्र नातवाला कळेना म्हणून त्यानें दोनदां विचारलें. त्यांत आजोबा मंडईंतून विचारीत होते कीं, मेथीची जुडी एक घ्यावी कीं दोन, आणि मागें रिक्षांचा गलका इतका होता कीं शेवटचे शब्द ऐकूंहि येत नव्हते. तो तिनें ठेवला.