लपवलेले मूल आणि आत्मचरित्रातील प्रामाणिकपणा

आत्मचरित्राची चर्चा करताना मराठी समीक्षा जो निकष सर्वांत आधी हाती घेते तो प्रामाणिकपणाचा. लेखकाने स्वतःविषयी काही लपवले आहे काय, एवढा प्रश्न विचारला की त्याची नैतिक पातळी आणि कृतीचे वाङ्मयीन मोल या दोहोंचा निर्णय एकदमच लागतो, असे मानण्याकडे कल असतो. या निकषामागे एक गृहीत आहे. लपवणाऱ्याला आपण काय लपवीत आहोत हे ठाऊक असते. सत्य आत असते, आवरण बाहेर असते, आणि धैर्य असेल तर आवरण काढून ठेवता येते. परंतु जीव वाचावा म्हणून परधर्मात दडवले गेलेले आणि त्या धर्मात मनापासून वाढलेले मूल पुढे आत्मकथन लिहू लागते तेव्हा हे गृहीत टिकत नाही.

इतिहासकार साउल फ्रीडलेंडर यांचे १९७८ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९३२ साली प्राग येथे, जर्मन बोलणाऱ्या आणि धर्माचारापासून बरेच दूर गेलेल्या ज्यू कुटुंबात झाला. १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरल्यावर हे कुटुंब फ्रान्समध्ये आश्रयाला आले. १९४२ साली परदेशी ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा आईवडिलांनी मुलाला मोंल्यूसाँ या गावातील कॅथलिक निवासी शाळेत ठेवले. त्यांच्या संमतीने त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पाव्हेलचा पॉल-आंरी फेर्लां झाला. शाळेतून पळून तो एकदा आईवडिलांकडे पोहोचलाही, पण त्यांनी त्याला परत पाठवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती दोघे स्वित्झर्लंडच्या सीमेवर पोहोचली आणि तेथून मागे वळवली गेली. त्या काळच्या स्विस नियमानुसार लहान मुले बरोबर असणाऱ्या जोडप्यांना आत घेतले जात होते. यांचे मूल सुरक्षित होते, म्हणून बरोबर नव्हते. आउश्वित्झला गेलेली ती दोघे परतली नाहीत.

या हकिगतीला ‘दडवलेली धार्मिक ओळख’ असे नाव देणे सोयीचे असले तरी काटेकोर नाही. दडवण्याजोगी श्रद्धा त्या मुलाजवळ होतीच कुठे? ज्यू धर्माचे विधी, प्रार्थना, सण यांतले फारसे काही त्याच्या घरी नव्हते. दडवले गेले ते केवळ मृत्यूचे एक कारण. श्रद्धा म्हणून त्याला जी पहिली वस्तू मिळाली ती कॅथलिक होती, आणि अनाथ होत चाललेल्या मुलाने ती सर्वस्वाने धरली. पुढे जेझुइट धर्मगुरू व्हायचे त्याच्या मनात होते. त्या प्रार्थनांना खोट्या म्हणायचे असेल तर खोट्या कोणाच्या, हे सांगावे लागेल. प्रार्थना करणारा तर खोटे बोलत नव्हता.

असत्याच्या नीतीची चर्चा निघाली की कांटच्या १७९७ सालच्या निबंधाचा दाखला हटकून दिला जातो. दारात खुनी उभा आहे आणि तो घरात लपलेल्या मित्राची चौकशी करतो. तरीही खोटे बोलता येणार नाही, हा कांटचा निर्णय. त्यावर दोन शतके वाद झाला. तथापि या वादात खोटे बोलणारा नेहमीच प्रौढ असतो, त्याचे असत्य एका वाक्यापुरते असते, आणि खुनी निघून गेला की ते संपते. लपलेल्या मुलाच्या बाबतीत यांतली एकही गोष्ट खरी नाही. येथे असत्य वर्षानुवर्षे जगायचे असते आणि ते लपलेल्यालाच जगायचे असते. शिवाय आपण खोटे बोलत आहोत हे जाणणारे मूल केव्हातरी अडखळते. प्रार्थनेचा शब्द चुकतो, झोपेत जुने नाव तोंडून निघते. सर्वांत सुरक्षित मूल म्हणजे ज्याला काही लपवायचेच उरलेले नाही असे मूल. म्हणजे संरक्षणाची गरज आणि धर्मांतराची पूर्तता या दोन गोष्टी त्या भिंतींच्या आत एकच होऊन जातात. आश्रय देणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, त्याच्या असत्याचे ओझे मुलाच्या श्रद्धेवर जाऊन पडते. कांटच्या दारात हा प्रश्न उभाच राहत नाही.

मग सीमारेषा आखायची कोठे? फ्रान्समध्येच घडलेले फिनाली बंधूंचे प्रकरण तिचा काहीसा अंदाज देते. व्हिएन्नाहून आलेल्या निर्वासित डॉक्टरची ही दोन लहान मुले. १९४४ साली त्यांचे आईवडील पकडले गेले आणि मारले गेले. ग्रनोब्लमधील ज्या स्त्रीने मुलांना सांभाळले तिने, आत्यांनी मुले मागितलेली असताना, १९४८ साली त्यांचा बाप्तिस्मा करवला. तेव्हा दारात खुनी नव्हता, नातलग होते. पुढे न्यायालयांशी झगडा झाला आणि १९५३ साली काही धर्मगुरूंच्या साहाय्याने मुले सीमेपार स्पेनमध्ये नेली गेली. अखेर त्याच वर्षी ती नातलगांच्या हाती आली. पाणी तेच, मंत्र तेच. पण १९४२ सालच्या बाप्तिस्म्याला आईबापांची संमती होती आणि दुसरा मार्ग नव्हता, १९४८ च्या बाप्तिस्म्यामागे मुलांना आपल्याकडे ठेवून घेण्याची इच्छा होती. त्या इच्छेत माया नव्हती असे म्हणवत नाही. मायेमुळेच तिचा निवाडा अवघड होतो, बदलत मात्र नाही.

याच्या नेमके उलट फ्रीडलेंडर यांच्या बाबतीत घडले. १९४६ साली, धर्मगुरू होण्याच्या वाटेवर असताना, सेंत-एतिएन येथे एका जेझुइट पाद्र्यानेच त्यांना आउश्वित्झमध्ये काय झाले ते सांगितले. गप्प बसला असता तर चर्चला एक सेवक मिळाला असता. तो बोलला, आणि मुलाला निवड करता येऊ लागली. ज्यू असल्याची जाण त्या मुलाला अशी एका कॅथलिक गुरूच्या तोंडून मिळाली. तेव्हा कॅथलिक वर्षे निव्वळ आवरण होती आणि आत सत्य जसेच्या तसे वाट पाहत होते, हे चित्र लेखकालाही रंगवता येत नाही, आणि त्याने ते रंगवलेले नाही. बालपणीच्या आठवणींमध्ये १९७७ सालच्या इस्रायलमधील नोंदी पेरून त्याने सलग कथानकच टाळले आहे.

आत्मचरित्रसिद्धांतालाही यातून अडचण उभी राहते. फिलिप लेजन यांनी १९७५ साली मांडलेला ‘आत्मचरित्रात्मक करार’ लेखक, निवेदक आणि नायक यांच्या नावाच्या एकतेवर उभा आहे. पाव्हेल, पॉल, पॉल-आंरी, शाउल, साउल या मालिकेतले कोणते नाव मुखपृष्ठाशी जोडायचे? त्याच साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्ज पेरेक यांच्या बालपणविषयक पुस्तकात याहून विलक्षण स्थिती आहे. पोलंडहून आलेल्या ज्यू दांपत्याचा हा मुलगा आल्प्सच्या पायथ्याशी लपला, बाप्तिस्मा घेतला, आणि त्याचे आडनाव ब्रिटनी प्रांतातल्यासारखे वाटत असल्याने त्याला नाव बदलावेच लागले नाही. तो आपल्याच नावात लपला. कराराची अट तंतोतंत पाळली गेली आणि तरीही नाव काहीच सांगत नाही.

ओळख दडवण्यासाठी मराठीत रूढ असलेला शब्दप्रयोग ‘जात चोरणे’ असा आहे. बाबुराव बागुल यांनी १९६३ साली तो कथासंग्रहाच्या शीर्षकात घेतला, तेव्हा त्यातला आरोप उलटवण्याचा त्यांचा डाव स्पष्ट होता. तरीही शब्दाचा कल लपणाऱ्याला चोर ठरवण्याकडेच आहे; ज्यांच्या भयाने तो लपला त्यांच्यासाठी भाषेने क्रियापद घडवलेले नाही. अर्थात बागुलांचा नायक प्रौढ आहे, त्याला आपण काय करतो हे क्षणोक्षणी ठाऊक आहे, म्हणून ही तुलना फार ओढू नये. ‘बलुतं’ची रचना कदाचित अधिक जवळची ठरेल. फ्रीडलेंडर यांच्या पुस्तकाच्याच साली, १९७८ मध्ये, आलेल्या या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. दोन नावांची दोन माणसे एका देहात समोरासमोर बसतात आणि त्यांतला खरा कोण, हे पुस्तक ठरवू देत नाही. तेथे प्रामाणिकपणाची चौकशी करू पाहणाऱ्या समीक्षकाला आधी सांगावे लागेल की प्रश्न दगडूला विचारायचा की दयाला.