काटा टायरमध्येच आहे



सायकलचे पंक्चर काढताना आपण सर्वांनी लहानपणी नाक्यावर उभे राहून पाहिले आहे. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवून फिरवायची, बुडबुडे आले की तेथे खूण करायची. मग ती जागा पुसून कोरडी करायची, पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावायचे आणि थांबायचे. हे थांबणे आम्हाला तेव्हा फार जड जाई. पण सोल्युशन सुकू दिले तरच पॅच ट्यूबशी एकजीव होतो. ओल्यावर दाबलेला पॅच हवा भरताच कडेने सुटू लागतो.

एवढे करूनही काम संपत नाही. जाणता कारागीर ट्यूब परत बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवतो. बाभळीच्या काट्याचे टोक तेथेच मोडून राहिलेले असते. ते राहिले, तर पॅच कितीही पक्का असो, गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो शेजारी नवे भोक पडते. (१८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा टायर चाकाला चिकटवलेला असे. १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा टायर आणला आणि दुरुस्ती सोपी झाली.)

आपल्या घरातल्या समेटांचे काय? माफी मागितली, ती मिळाली, म्हणजे दुरुस्ती झाली का?

आमच्या भावकीत विहिरीच्या पाण्यावरून बोलणे बंद झाले होते. वडीलधाऱ्यांनी सणाच्या दिवशी दोन्ही घरांना एका पंगतीला बसवले. आम्ही माफी मागितली आणि ती खोटी नव्हती. डोळ्यांत पाणी आले होते. तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच. "माफी मागितली ना, आता काय राहिले?" असे आम्ही चारचौघांत विचारले. राहिले होते पंपाचे विजेचे बिल. दोन वर्षे ते धाकट्याच्या घरानेच भरले होते. हे आम्हाला ठाऊक होते. पंगतीत त्याविषयी कोणी विचारले नाही आणि आम्हीही विषय काढला नाही.

झाले गेले उकरून काढू नये, असे सांगणारे चुकतात असे नाही. काटा शोधणाऱ्या बोटालाही तो टोचतो. म्हणून काही कारागीर चिंधी फिरवतात, काटा असेल तेथे ती अडकते. पण आत हात कोणी घालायचा? ज्याला टोचले त्याने, की ज्याला काट्याची जागा माहीत आहे त्याने?

बिलांची जुनी पिशवी आम्ही धाकट्याकडून मागून आणली आहे. आमच्या वाट्याची बेरीज अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली.