सोरा गड्डा

वैशाखातली दुपार. परभणीहून जिंतूरला जाताना झरी मागे पडली की बोरीपर्यंत दोन्ही अंगांना काळी, भेगाळलेली रानं. पारा ४२च्या आसपास. या दिवसांत हळदीचं बेणं मात्र गारव्याला झोपलेलं असतं. लिंबाखाली जेठ्या गड्ड्यांचा ढीग घालायचा, वर हळदीचाच वाळला पाला अंथरायचा आणि दोन-अडीच महिने त्याला हात लावायचा नाही. बेणं न्यायला आलेला माणूस पाला सारतो, एक गड्डा उचलतो, माती पुसून त्यावर अंगठा फिरवतो आणि विचारतो, "मामा, डोळे फुगले का?"

गड्ड्याच्या या झोपेला परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या भाषेत सुप्तावस्था म्हणतात. शब्द शास्त्राचा आहे, पण त्यात अध्यात्माचा वास आहेच. गड्डा झोपलाय म्हणजे जिवंत आहे का? उद्या मिरगाच्या पावसात कोंब वर आला, तर उठणारा तोच की दुसरा कुणी?

थंड देशांत हा प्रश्न वसंतात पडतो. तिथे ट्यूलिपचे कंद पानगळीत पुरतात. तीनेक महिने थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्यांना नीट फूल येत नाही. ख्रिस्ती मंडळींना त्यात पुनरुत्थान दिसलं यात नवल नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलानं देहाला पेरलेल्या दाण्याची उपमा दिली आहे: जे पेरलं ते आधी मरावं लागतं. मराठवाड्यात गणित उलटं. इथला कंद हिवाळ्याला भीत नाही, तो उन्हाळा झोपून काढतो. वसंत म्हणजे इथे काढणी संपल्याचा आणि खळं आवरण्याचा काळ. निशिगंधाची लागवड चैत्र-वैशाखात, हळद आणि आलं रोहिणीच्या आगेमागे. रोपवाटिकांत तेव्हा माती-शेणखत कालवून पिशव्या भरण्याची घाई असते, कारण मिरगाला आंबा-सीताफळाच्या कलमांचं गिऱ्हाईक एकदमच येतं.

बोरी जिंतूर तालुक्यात, आणि जिंतूरजवळ नेमगिरी. डोंगरातल्या गुंफा, आत नेमिनाथ, आणि जवळजवळ अधांतरी वाटावी अशी पार्श्वनाथांची मूर्ती. दिगंबर जैनांचं हे जुनं क्षेत्र. कंदाकडे सगळ्यात बारकाईनं कुणी पाहिलं असेल तर ते जैन आचार्यांनी. त्यांनी वनस्पतीचे दोन भेद केले: एका देहात एक जीव असलेली प्रत्येक वनस्पती आणि एकाच देहात अनंत जीव नांदणारी साधारण वनस्पती. कांदा, लसूण, आलं, ओली हळद, सुरण हे सगळे अनंतकाय. म्हणून श्रावकाच्या ताटात कंदमूळ नाही. त्यात जमीन खणताना मरणारे जीव वेगळेच.

शहरातल्या वाचकाला ही निव्वळ कर्मठ समजूत वाटते. गड्डा कापून बेणं करणाऱ्याला तसं वाटायचं कारण नाही. एका मोठ्या गड्ड्याचे दोन तुकडे केले आणि दोन्हींवर डोळे राहिले, तर दोन झाडं उभी राहतात. मग त्या गड्ड्यात जीव किती होते? एक म्हणावं तर दोन कसे उगवले? दोन म्हणावं तर तीन तुकडे करून पाहावेत. अनंत हे उत्तर ऐकायला अवघड आहे, पण विळा हातात असलेल्या माणसाला ते खोटं पाडता येत नाही.

गंमत पुढे आहे. त्याच जैन घरात मिसळणाच्या डब्यात वाळली हळद असते, सुंठ असते. ती चालते, कारण वाळलेला कंद पुन्हा उगवत नाही. हळद काढल्यावर हळकुंडं कढईत शिजतात. काडी आरपार गेली की शिजली. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण, मग पॉलिश. कढईतल्या पाण्यात गड्ड्याचे डोळे कायमचे मिटतात. एकाच बुडख्यातली हळकुंडं कढईत जातात आणि जेठा गड्डा सावलीला. म्हणजे जीव कुठे संपतो याची रेघ शास्त्रानं आखली त्याच जागी वसमतच्या हळदवाल्यानंही आखलेली आहे, फक्त त्याच्या मनात बाजारभाव असतो.

इतर मराठी घरांत कांदा सुटतो तो वेगळ्या कारणानं. तो तामसी, म्हणून चातुर्मासात वर्ज्य. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून भजी, थालीपीठं, झुणका यांवर मनसोक्त ताव मारायचा आणि एकादशीपासून शहाणं व्हायचं! इथे प्रश्न खाणाऱ्याच्या मनाचा आहे, कांद्याच्या जिवाचा कुणी विचारत नाही. या दोन व्रतांची गल्लत नेहमी होते.

तोच की दुसरा, या प्रश्नाला उत्तर द्यायला मराठवाड्यात आणखी एक पत्ता आहे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज १९५०मध्ये सुरू झालं. त्याचं नाव मिलिंद, आणि परिसर नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला. नागसेन हा त्याला वादात उत्तरं देणारा भिक्षू. पुन्हा जन्मणारा तोच असतो की वेगळा, असं राजा विचारतो. तोही नाही आणि दुसराही नाही, असं नागसेन म्हणतो आणि पुढे आंबेचोराचा दाखला देतो. चोर म्हणतो, मालकानं लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे. मग गुन्हा कसला? राजालाही कबूल करावं लागतं की शिक्षा तर व्हायलाच हवी.

आंब्याच्या जागी हळद धरली तर दाखला अधिकच बसतो. कोयीचं झाड झाल्यावर कोय कुणाला दिसत नाही. हळदीत मात्र पुरावा जमिनीत राहतो. जेठा गड्डा लावला, त्याला कोंब आला, नवा जेठा गड्डा धरला, त्याला बगल गड्डे आणि हळकुंडं फुटली. पण लावलेला जुना गड्डा खाली तसाच असतो, काळपट, सुरकुतलेला. त्याचं नाव सोरा गड्डा. उपनिषदातला उद्दालक श्वेतकेतूला वडाचं बी फोडायला लावतो, आत काहीच दिसत नाही आणि त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच वड उभा राहतो असं सांगतो. तो नदीकाठी हळद लावणारा असता तर त्याला उदाहरण बदलावं लागलं असतं. इथे आधीचा देह हातात घेऊन दाखवता येतो.

वारकऱ्यांनी या वादात फारसं डोकं घातलं नाही. अरणच्या सावता माळ्यानं तेराव्या शतकात मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला आणि पंढरीची वाट न धरता वाफ्यालाच पाणी दिलं. आजही त्याची पालखी पंढरपूरला जात नाही; पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. रोपवाटिकेत काम करणाऱ्याला हे उत्तर सोयीचं आहे यात शंका नाही, कारण एकादशी नेमकी रोपविक्रीच्या ऐन हंगामात येते. पण खणणं, कापणं, शिजवणं यांतल्या हिंसेबद्दल ते गप्प राहतं. नेमगिरी तिथे गप्प बसत नाही. नागसेनाचं उत्तर गड्ड्याला सगळ्यात जवळून लागू पडतं, पण डोळा असलेला तुकडा कढईत टाकताना हात अडावा की नाही, ते तोही सांगत नाही.

आता पुढचा फाल्गुन. पाला कापून झालाय, कुदळीनं सऱ्या उकरल्यात, बाया गोल करून बसल्यात. एका हातात बुडखा, दुसऱ्या हातानं मोड. हळकुंडं एका ढिगात, बगल गड्डे दुसऱ्यात, जेठे बेण्याला बाजूला. मधेच काळा, हलका सोरा हाताला लागतो. जमिनीत नऊ महिने काढलेला, त्याआधी लिंबाखाली झोपलेला. बाई तो न बघताच मागे टाकते, चौथ्या ढिगात. संध्याकाळी तो ढीगही शिजवायला जातो, वेगळा, कारण त्याला भाव कमी मिळतो.