शेवटून पहिला

माझ्या भाच्याने केंब्रिजमध्ये मिळवलेली पहिली ट्रॉफी आमच्या घरी अख्खा उन्हाळा पिठलं ढवळत होती.

झालं असं की, जूनमध्ये टर्म संपली, खोली रिकामी करायची होती, आणि पुण्याचं विमान गाठण्याआधी त्याने आपली खोकी आमच्या हॅरोच्या घरी आणून टाकली. एका खोक्यात कुकर, दोन पातेली, मसाल्याचे डबे आणि एक लाकडी चमचा. मामीने सगळं घासूनपुसून कामाला लावलं. चमच्याच्या दांड्यावर रंगाचे दोन पट्टे होते आणि मार्करने बारीक अक्षरांत नऊ नावं. पोरांनी रिकामपणी काहीतरी उद्योग केलेला दिसतोय, एवढंच तिला वाटलं. ऑक्टोबरात भाचा परत आला, ओट्यापाशी गेला आणि तिथेच थबकला. चमचा हळदीने पिवळाजर्द, नऊपैकी चार नावं धुऊन गेलेली.

"मामी, अगं ही ट्रॉफी आहे!"

"लाकडी चमच्याची कसली रे ट्रॉफी?"

"हरल्याची."

या एका शब्दाने माझं कुतूहल जागं केलं ते अजून शमलेलं नाही. हरल्याचं स्मृतिचिन्ह म्हणजे काय भानगड? आपल्याकडे जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळते, तो ती खांद्यावर घेऊन मिरवतो, आणि चीतपट झालेला पैलवान माती झटकत गर्दीतून निघून जातो. त्याच्या हातात कुणी काही ठेवत नाही.

भानगड अशी. केंब्रिजची कॅम नदी इतकी अरुंद आहे की आठ वल्ह्यांच्या दोन नावा तिच्यात शेजारी शेजारी धावूच शकत नाहीत. म्हणून १८२७ पासून तिथे कॉलेजांच्या नावा एकामागे एक रांगेत सोडतात, दोन नावांमध्ये साधारण दीड नावेचं अंतर ठेवून. तोफ उडाली की प्रत्येकीने पुढचीला गाठायचं आणि मागचीपासून पळायचं. पुढचीला टोक लागलं की झाला 'बम्प'. दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागांची अदलाबदल. असं चार दिवस. (यातल्या मोठ्या शर्यतींना 'मे बम्प्स' म्हणतात आणि त्या जूनमध्ये होतात. याचं कारण विचारलं तर इंग्रज माणूस तुमच्याकडे असं बघतो, जणू तुम्ही गणपती चतुर्थीलाच का, असं विचारलं आहे.) चारही दिवस पुढचीला गाठलं तर त्या चमूला 'ब्लेड्स' मिळाले म्हणतात. म्हणजे एक खरं वल्हं रंगवून घ्यायचा मान. चारही दिवस मागून ठोकर बसली तर 'स्पून्स'. वल्ह्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. चमचा तर कुठल्याही दुकानात मिळतो.

मला यातली सगळ्यात मोहक गोष्ट वाटते ती ही की, यंदा नाव जिथे संपली तिथूनच पुढच्या वर्षी सुरू होते. भाच्याच्या नावेला रांगेतली जी जागा मिळाली होती ती ज्यांनी कमावली, ती मुलं केव्हाच पदवी घेऊन पांगली होती. त्यांची नावंही याला माहीत नव्हती. आणि याने घालवलेल्या चार जागा आता कुणीतरी अजून शाळेत असलेली पोरं भरून काढणार. म्हणजे नावेबरोबर मागच्यांची पुण्याईही वारशाने येते आणि कर्जही.

चमच्याचा उगम मात्र नदीवरचा नाही. तो आहे गणितातला, आणि इथे आपल्या मराठी माणसाचा संबंध येतो. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ऑनर्स मिळवणाऱ्यांची नावं पूर्वी क्रमाने जाहीर होत. पहिल्या वर्गातले ते 'रँग्लर', आणि त्यांतला अव्वल तो 'सीनियर रँग्लर'. यादीतल्या अगदी शेवटच्याला त्याचे मित्र लाकडी चमचा देत. सेनेट हाउसमध्ये तो कुलगुरूंसमोर पदवीसाठी गुडघे टेकून बसला की वरच्या सज्ज्यातून दोरीला बांधलेला चमचा त्याच्यासमोर सोडायचा. अठराव्या शतकात कधीतरी सुरू झालेला हा खोडसाळपणा वाढत गेला आणि चमचेही वाढत गेले. शेवटचा चमचा १९०९ सालचा. पुढच्या वर्षापासून क्रम जाहीर करणंच बंद झालं. हा शेवटचा चमचा मिळाला सेंट जॉन्स कॉलेजच्या कथबर्ट लेम्प्रिएर होल्टहाउसला. हा गडी कॉलेजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबचा वल्हेकरी, म्हणून त्याच्या चमच्याचा दांडाही वल्ह्यासारखाच घडवलेला, मीटरभराहून लांब, वर ग्रीक भाषेत ओळी कोरलेल्या. तो आज त्या कॉलेजने जपून ठेवला आहे.

त्याच कॉलेजातून दहा वर्षं आधी, १८९९ साली, कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, सई परांजपे यांचे आजोबा. आपण त्या यशाचं काय केलं बघा. वल्हं रंगवलं नाही, कप आणला नाही. त्यांच्या परीक्षेतला शब्दच उचलून आणला आणि माणसाच्या नावाला कायमचा जोडून टाकला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. इंग्लंडमध्ये नावाआधी कुणी रँग्लर लावत नाही. हे स्मृतिचिन्ह खास महाराष्ट्राचं, आणि ते भाषेत ठेवल्यामुळे त्यावर धूळ बसत नाही.

पण एक गोष्ट खटकतेच. १८९९ सालचा पहिला क्रमांक दोघांना विभागून होता. दुसरा कोण, हे पुण्यात किती जणांना सांगता येईल? आणि त्या वर्षी चमचा कुणाच्या वाट्याला आला, ते तर विचारूच नका. आपण पहिल्याला डोक्यावर घेतलं आणि यादी तिथेच मिटली. केंब्रिजमधल्या टवाळ पोरांनी दुसऱ्या टोकाला जाऊन यादीतल्या शेवटच्या नावाचं लाकूड जपलं. होल्टहाउस गणितात काय विसरला, काय चुकला, कोण जाणे. पण त्याचं नाव मी आज लिहितो आहे. तसा तो शेवटून पहिला असला तरी ऑनर्सवालाच होता. ऑनर्सच्या खालच्यांना चमचाही नव्हता.

नंतर मला रंगवलेली वल्ही सगळीकडे दिसू लागली. इथल्या जुन्या पबच्या भिंतीवर एखादं तरी असतंच. थेम्सकाठच्या एका गावी जेवताना माझ्या डोक्यावरच एक टांगलेलं होतं. जेवण राहिलं बाजूला, मी खुर्चीवर चढून वाचू लागलो. दांडा करवतीने कापलेला, फक्त पातं शिल्लक. काळपट निळ्या रंगावर सोनेरी अक्षरं. वर कॉलेजचं चिन्ह, मग ज्यांना गाठलं त्या चार कॉलेजांची नावं, खाली आठ वल्हेकरी आणि शेवटी सुकाणू धरणारा कॉक्स. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं वजन, स्टोन आणि पौंडांत. कॉक्सचं सगळ्यात कमी. वजन लिहिण्याची ही रीत मला फार आवडली. माणूस किती मोठा होता ते कुठेच नाही, पण त्या आठवड्यात तो किती भरत होता ते पक्कं. पुढे त्यातला कुणी न्यायाधीश झाला असेल, कुणाचं पोट सुटलं असेल. पात्यावर तो कायमचा साडेबारा स्टोन.

मालकाने विचारलं, घेता का? किंमतही फार नव्हती. क्षणभर मोह झाला. मग वाटलं, मी हे हॅरोला नेऊन गणपतीच्या मखराशेजारी टांगलं तर आल्यागेल्याला काय सांगणार? ही नऊ मुलं माझी कोण? आणि ज्या घरातून हे निघालं तिथे काय घडलं असेल? बहुतेक एवढंच की आजोबा गेले, घर विकलं, बारा फुटांचं वल्हं फ्लॅटच्या जिन्यातून वर जाईना, म्हणून कुणीतरी करवत आणली. मी ते घेतलं नाही. आजही ते सोडल्याची थोडी चुटपुट आहे, हे कबूल करतो. वर्ष नीट वाचता आलं नव्हतं. १९१४ चं असतं तर कदाचित घेतलंच असतं. त्या जूनमध्ये कॅमवर वल्ही मारणारी किती मुलं पुढच्या हिवाळ्यापर्यंत खंदकांत होती! ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची थेम्सवरची मोठी शर्यतही १९१५ ते १९१९ झाली नाही. वल्ही मारायला कुणी उरलंच नव्हतं.

विकत मिळतं आणि मिळत नाही, यातला फरक इथे फार काटेकोर पाळतात. कॉलेजच्या पट्ट्यापट्ट्यांचा मफलर कुणीही घ्यावा. मी घेतला आहे, लोकलने कामावर जाताना गुंडाळतो. पण विद्यापीठाकडून प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळून 'ब्लू' मिळवणाऱ्याचा ब्लेझर पैसे टाकून अंगावर चढवता येत नाही. रणजितसिंहजींना तो १८९३ साली क्रिकेटसाठी मिळाला. ब्लेझर हा शब्दसुद्धा मूळचा होल्टहाउसच्याच क्लबच्या लालभडक जाकिटांचा, असं सांगतात. पुण्यातली शाळकरी मुलं मार्चच्या उन्हात कोट घालून घामाघूम होतात, त्याचं थोडं पाप कॅमच्या काठावरही आहे. केंब्रिजच्या फिकट निळ्या रंगाची गोष्ट तर आणखी साधी आहे. १८३६ च्या शर्यतीआधी आयत्या वेळी नावेच्या टोकाला बांधायला कुणीतरी दुकानातून एक फीत आणली. पावणेदोनशेहून जास्त वर्षं माणसं एका फितीच्या रंगासाठी जीव तोडून वल्ही मारतायत.

अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉलला लाखाहून जास्त माणसं एका स्टेडियममध्ये बसतात, म्हणून तिथे टोप्या, कप, गाडीवर लावायची झेंडी, सगळ्याचा बाजार आहे. बम्प्सच्या काठावर असतात आईबाप, मित्रमैत्रिणी आणि सायकलवरून ओरडत जाणारे प्रशिक्षक. प्रेक्षकच नाहीत म्हटल्यावर माल कुणाला विकणार? म्हणून इथली स्मृतिचिन्हं बहुतेक खेळणाऱ्यांनी स्वतःसाठीच केलेली असतात, आणि त्यातली काही अगदी विचित्र आहेत.

माझी सगळ्यात आवडती लॉर्ड्सच्या एमसीसी संग्रहालयात आहे. एक चिमणी. ३ जुलै १९३६, एमसीसी विरुद्ध केंब्रिज विद्यापीठ. गोलंदाज जहांगीर खान, जालंदरचा, १९३२ साली याच मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटीत खेळलेला. फलंदाज टॉम पियर्स. चेंडू सुटला आणि हवेतच एका चिमणीला लागला. ती मेली. तिच्यात पेंढा भरला आणि तिला त्या चेंडूवर बसवलं. सी. के. नायडूंच्या संघातला हा खेळाडू पुढे पाकिस्तानात गेला, त्याचा मुलगा माजिद खान केंब्रिजचाच कर्णधार झाला, पण काचेमागे घराण्याची खूण म्हणून उरली ती चिमणी. काचेशी नाक लावून पाहिलं तर ती चेंडू उबवायला बसल्यासारखी दिसते. मी तिथे दोनदा गेलो. दोन्ही वेळा ॲशेसच्या कलशासमोर गर्दी आणि चिमणीसमोर मी.

तिसऱ्या वर्षी भाच्याची नाव चांगली चालली. निदान बुडाली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एकीला गाठलं, दुसऱ्या दिवशी यांना कुणीतरी गाठलं, उरलेले दोन दिवस ना कुणी लागलं ना कुणाला लावलं. शेवटच्या दिवशी मी काठावर होतो. नाव पुलाखालून आली तेव्हा आठही जणांची तोंडं उघडी, आणि कॉक्स म्हणून बसलेली चिमुरडी अशा आवाजात ओरडत होती की आमच्या चाळीतल्या भाजीवालीला लाज वाटावी. नाव धक्क्याला लागल्यावर भाच्याने तळहात दाखवले. फोडांवर चिकटपट्टी, तिच्यावर पुन्हा चिकटपट्टी.

"मग काय मिळालं?" मी विचारलं.

"काहीच नाही. चार दिवसांत एक वर, एक खाली. ना वल्हं, ना चमचा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बहुतेक नावा अशाच असतात. वल्ही आणि चमचे दोन टोकांचे. मधल्यांच्या नावावर लाकडाचा तुकडाही नाही. भाच्याचा बाप, म्हणजे माझे मेव्हणे, पुण्याच्या सीओईपीच्या बोट क्लबवाले. मुळेवरच्या रेगाटात रात्री मशाली घेऊन नाचणाऱ्यांत तेही होते. त्या वर्षीचा टी-शर्ट माझ्या बहिणीने काही वर्षं सांभाळला आणि मग त्याची फडकी केली. आपल्या घरांत वस्तूला पेन्शन नसते. साडी जुनी झाली की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं. भाऊजींनी कधी तक्रार केली नाही. फक्त फरशी पुसताना ते फडकं दिसलं की म्हणायचे, "त्या वर्षी पाऊस लवकर आला होता."

भाचा पदवी घेऊन मायदेशी निघाला तेव्हा खोकी पुन्हा आमच्याकडे. या वेळी कुकर, पातेली सगळं त्याने आम्हालाच दिलं. जाता जाता म्हणाला, "मामी, पहिल्या वर्षीचा तो चमचा तेवढा मी नेतो गं."

मामीने ड्रॉवर उघडला. चमच्याची कड एका बाजूने झिजली होती. नावांपैकी एकच धड वाचता येत होतं, तेही कॉक्सचं.

"तो आता पिठल्याचा आहे," ती म्हणाली. "तुला दुसरा देते."